औषध बंद करायला सांगणाऱ्या उपदेशकांना मुदत

पाळकहो, सुवार्तिकहो, आरोग्यसभांच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्या बंधूंनो आणि भगिनींनो, हे निवेदन तुमच्यासाठी आहे आणि ते मुद्दाम चारचौघांत केले आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने जो क्रम घालून दिला, त्यातल्या पहिल्या दोन पायऱ्या होऊन गेल्या. एकांतात सांगून झाले. दोन-तीन साक्षीदार सोबत घेऊन, तुमच्या घरी येऊन, हात जोडून सांगून झाले. तुमच्यापैकी काहींनी मान डोलावली आणि पुढच्याच उपास-प्रार्थनेत पुन्हा तेच शिकवले. आता मंडळीला सांगणे एवढेच उरले आहे.

जे कोणी आजारी माणसाला ‘खरा विश्वास असेल तर गोळ्या बंद कर’ म्हणतात, बऱ्या न झालेल्याच्या कपाळी अविश्वासाचा शिक्का मारतात आणि या दोहोंच्या मध्ये अर्पणाची थैली फिरवतात, त्या प्रत्येकाला येत्या पेन्टेकॉस्टच्या रविवारपर्यंत मुदत आहे. तोवर काय करायचे ते पुढे लिहिले आहे. न केल्यास आम्ही काय करू, तेही लिहिले आहे. आम्ही म्हणजे कोणी संस्था नव्हे. बाकावर बसणारे, दशांश देणारे, संडे स्कूलमध्ये शिकवणारे, मयताला खांदा देणारे आणि नंतर त्या घरी जेवणाचा डबा पोचवणारे लोक आहोत.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करू नका, असे येथे कोणी म्हणत नाही. याकोबाने पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडिलांना बोलावून, तेल लावून प्रार्थना करायला सांगितले आहे. ती आज्ञा आम्हालाही बंधनकारक आहे. देव बरे करतो हा आमचा विश्वास आहे, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्र रात्र गुडघ्यांवर राहिलेली माणसे आमच्यात आहेत. म्हणून ‘हे जगिक लोक, यांना आत्म्याच्या गोष्टी कळत नाहीत’ हे तुमचे ठरलेले उत्तर आम्हाला देऊ नका. त्याच याकोबाने तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशीच शिक्षकांना बजावले आहे की शिक्षक व्हायची घाई करू नये, कारण शिकवणाऱ्याचा न्याय इतरांपेक्षा कडक होणार आहे. तेल लावण्याचा अध्याय तुम्हाला पाठ आहे. हाही पाठ करा.

तुमची शिकवण काय आहे ते आम्ही नीट ऐकले आहे. तुम्ही यशयाचा ५३ वा अध्याय उघडता आणि सांगता की वधस्तंभावर पापांची क्षमा जशी विकत घेतली गेली, तसे शरीराचे आरोग्यही याच जन्मासाठी, आजच्या आज, पूर्णपणे विकत घेतले गेले. म्हणून विश्वासणाऱ्याला आजार असूच शकत नाही. दिसतात ती फक्त लक्षणे, आणि लक्षणे म्हणजे सैतानाचा खोटेपणा. तोंडाने ‘मी बरा झालो’ असे कबूल करत राहायचे. गोळी घेणे म्हणजे त्या कबुलीवर पाणी ओतणे. ही शिकवण प्रेषितांकडून आलेली नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत ई. डब्ल्यू. केनयन यांच्या लिखाणातून ती आकाराला आली, केनेथ हेगिन यांनी ती घरोघर पोचवली, टीव्ही आणि कॅसेटींनी ती समुद्र ओलांडून आणली, आणि आज ती मोबाईलवरून आपल्या वस्त्या-वाड्यांपर्यंत मराठीत पोचते आहे.

ती कुठपर्यंत नेते हे पाहायचे असेल तर होबार्ट फ्रीमन या माणसाचे आयुष्य वाचा. हा कुणी अडाणी बुवा नव्हता. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या एका सेमिनरीत तो जुना करार शिकवत असे. जुन्या करारातल्या संदेष्ट्यांवर त्याने लिहिलेला अभ्यासग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला होता. खोटे संदेष्टे कसे ओळखावेत हे ज्याने इतरांना शिकवले, तोच पुढे फेथ असेंब्ली नावाच्या मंडळीचा पुढारी झाला आणि डॉक्टर, औषध, इंजेक्शन हे सारे सैतानाच्या राज्यातले आहे असे सांगू लागला. हजारो लोकांनी ऐकले. बाळंतपणे घरात, वैद्यकीय मदतीशिवाय होऊ लागली. बायका दगावल्या, अर्भके दगावली, साध्या उपचाराने वाचली असती अशी मुले आईबापांच्या डोळ्यांसमोर गेली. त्या शिकवणीशी जोडले गेलेले मृत्यू सुमारे ९० आहेत. १९८४ साली पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूप्रकरणी फ्रीमनवर गुन्हा दाखल झाला. खटला उभा राहण्याआधीच, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, तो स्वतः न्यूमोनिया आणि हृदयविकाराने गेला. औषध त्याने घेतले नव्हते. म्हणजे तो ढोंगी नव्हता. स्वतःच्या शिकवणीवर त्याची निष्ठा होती, आणि त्या निष्ठेने एकही अर्भक परत आले नाही. ‘पण मी मनापासून शिकवतो’ असे तुमच्यातले काही जण म्हणतात. फ्रीमननेही मनापासूनच शिकवले होते.

आता शास्त्राकडे या, कारण न्याय त्याच्याच आधारे व्हायचा आहे. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्याने रडून प्रार्थना केली आणि देवाने त्याला पंधरा वर्षे वाढवून दिली. हे वचन मिळाल्यावर यशयाने काय केले? गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले. देवाचा शब्द आला होता, तरीही औषध लावले गेले, आणि ते सांगणारा संदेष्टाच होता. ज्या यशयाचा ५३ वा अध्याय तुम्ही औषधाविरुद्ध वापरता, त्याच यशयाच्या ३८ व्या अध्यायात हे लिहिले आहे.

अलीशाच्या शब्दाने नामानाचे कोड गेले. तोच अलीशा पुढे आजारी पडला आणि त्या आजारातच वारला, असे राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे. त्याचा विश्वास कमी पडला असे पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. एपफ्रदीत मरता मरता वाचला. तीमथ्याच्या पोटाची तक्रार सारखी उद्भवे, तेव्हा पौलाने त्याला कबुली वाढवायला सांगितले नाही, थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. स्वतः पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही, कृपा पुरेशी आहे एवढे उत्तर मिळाले. लूक तर वैद्यच होता आणि कलस्सैकरांच्या पत्रात त्याचा तसा प्रेमाने उल्लेख आहे. प्रेषित त्याला सोबत घेऊन फिरत होते. तुमच्या सभेत लूक आला असता तर त्याला तुम्ही काय म्हणाला असता?

आणि मत्तयाचा चौथा अध्याय. मंदिराच्या शिखरावर सैतानाने प्रभूला खाली उडी टाकायला सांगितले, आणि त्यासाठी त्याने ९१ व्या स्तोत्राचा आधार दिला. देवदूत झेलतील, असे वचनच आहे म्हणाला. प्रभूने उडी टाकली नाही. वचन खरे होते, तरी त्याच्या जोरावर देवाची परीक्षा पाहणे हे पाप होते. क्षयाच्या रोग्याला गोळ्या टाकून द्यायला सांगणारा, मधुमेहाच्या मुलाचे इन्सुलिन बंद करायला लावणारा, फेफरे येणाऱ्या बाईला ‘आता एकही गोळी नको’ म्हणणारा शिक्षक त्या शिखरावर कुणाच्या जागी उभा आहे, हे त्याने गुडघे टेकून स्वतःला विचारावे. शिवाय उडी तो स्वतः टाकत नाही, दुसऱ्याला टाकायला लावतो.

दैहिक आरोग्य खरोखर मिळाले असेल तर काय करायचे, हेही प्रभूने सांगून ठेवले आहे. दहा कुष्ठरोग्यांना त्याने याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले. मार्काच्या पहिल्या अध्यायातल्या त्या एकट्या कुष्ठरोग्यालाही हेच सांगितले. लेवीयाच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायांत त्या तपासणीची रीत दिली आहे. डाग बघायचा, सात दिवस वेगळे ठेवायचे, पुन्हा बघायचे, आणि मगच शुद्ध म्हणायचे. देवाच्या पुत्राने बरे केलेला माणूसही तपासणी चुकवू शकत नव्हता. तुमच्या सभेत मात्र कुणीतरी व्हीलचेअरवरून चार पावले चालतो, टाळ्या होतात, व्हिडिओ निघतो, आणि तो माणूस पुढच्या महिन्यात कुठे आहे हे कोणी विचारत नाही. देवाने बरे केले असेल तर थुंकीची तपासणी ते सांगेल, रक्ताचा रिपोर्ट सांगेल, आणि ज्या डॉक्टरने गोळी सुरू केली तोच ती थांबवेल. यात देवाचे वैभव कमी होत नाही. जे खरे आहे त्याला तपासणीचे भय नसते, आणि तुम्हाला ते भय का वाटते याचे उत्तर तुम्ही द्यायचे आहे.

क्षयाबद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण नुकसान तिथे एका घरापुरते राहत नाही. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिल्या काही आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढते. नेमक्या याच वेळी तुमची सभा येते, आणि ‘बघा, प्रभूने बरे केले, आता गोळ्या कशाला’ असे सांगितले जाते. जंतू मात्र शरीरात असतात. उपचार अर्धवट सुटला की उरलेले जंतू औषधाला दाद न देणारे होऊ शकतात, आणि मग तोच रोगी आपल्या नातवंडांना, शेजाऱ्यांना, आणि ज्या बाकावर बसून भजने म्हणतो त्या बाकावरच्या सगळ्यांना तो कठीण क्षय देऊ शकतो. तुमच्या एका वाक्याचा हा पल्ला आहे.

आणि हे कोणत्या भूमीत घडते? डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली या देशात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचा मिशन दवाखाना उभा राहिला. सांगली आणि मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. क्षयावर गुणकारी गोळी तेव्हा जगात कुठेच नव्हती. विश्रांती, सकस अन्न, मोकळी हवा आणि परिचारिकेचा हात, एवढ्यावर ती माणसे रोग्यांशेजारी उभी राहिली. शस्त्रक्रियेच्या आधी प्रार्थना आणि नंतर चोख टाके, ही मिशन दवाखान्यांची रीत होती. जाती-पातीचा विचार न करता रोग्याला हात लावणारी मंडळी म्हणून या महाराष्ट्राने ख्रिस्ती माणसाला ओळखले. आपल्या किती घरांतल्या आज्या आणि मावश्या या दवाखान्यांत नर्स झाल्या! ज्या मंडळीने क्षयरोग्यांसाठी घरे बांधली, तिच्याच उपदेशपीठावरून आज क्षयाच्या गोळ्या गटारात टाकायला सांगितले जाते. याची लाज आम्हाला वाटते. तुम्हाला वाटत नसेल तर ते पीठ सोडा.

पैशाबद्दल आता. ओरल रॉबर्ट्स या अमेरिकन उपदेशकाने ‘बी पेरा आणि कापणी घ्या’ ही कल्पना लोकप्रिय केली. १९८७ च्या जानेवारीत त्यांनीच जाहीर केले होते की ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला घरी बोलावून घेईल. त्याच्या आदल्याच वर्षी पीटर पॉपॉफ नावाचा दुसरा उपदेशक उघडा पडला होता. देव आपल्याला लोकांची नावे, पत्ते आणि आजार सांगतो असा त्याचा दावा होता. जादूगार जेम्स रँडी यांनी दाखवून दिले की प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांवरची माहिती त्याची बायको बिनतारी यंत्रावरून त्याच्या कानात सांगत होती. ही परदेशातली जुनी प्रकरणे म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडेही दाराशी भरून घेतलेल्या चिठ्ठ्या दहा मिनिटांत ‘प्रगटीकरण’ होऊन व्यासपीठावर येतात. आपल्याकडेही पडद्यावर क्यूआर कोड असतो, आणि मुलाच्या नोकरीसाठी, पोटातल्या गाठीसाठी, कोर्टातल्या जमिनीसाठी ‘विश्वासाचे बी’ किती हजारांचे पेरायचे ते सांगितले जाते.

तुम्ही विधवेच्या दोन दमड्यांवर उपदेश करता. मार्काच्या बाराव्या अध्यायात त्या गोष्टीच्या लगेच आधी काय आहे ते वाचता का? लांब झगे घालणारे, सभेत मानाच्या जागा धरणारे, दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणारे आणि विधवांची घरे गिळणारे जे शास्त्री होते, त्यांना अधिक कडक शिक्षा होईल असे प्रभू तिथे म्हणतो, आणि लगेच ती विधवा येते. तुम्ही मलाखीचा तिसरा अध्याय दशांशासाठी वाचता. दुसरा अध्याय याजकांसाठी आहे, त्यात चुकीचे शिकवून पुष्कळांना अडखळवणाऱ्या याजकांना देवाने काय म्हटले ते मंडळीसमोर एकदा मोठ्याने वाचा. आणि गेहजी आठवा. अलीशाने नामानाची एकही भेट घेतली नाही. त्याचा चाकर गेहजी मात्र मागून धावत गेला, खोटे सांगून चांदी आणि वस्त्रे घेऊन आला आणि घरात लपवली. नामानाचे कोड त्याला लागले. बरे होणे देवाकडून फुकट आले होते, त्याची किंमत लावणारा तिथे एकच माणूस होता.

तारखा आणि भविष्यवाण्या सांगणाऱ्यांनाही हा इशारा लागू आहे. हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी आपल्या रेडिओवरून २१ मे २०११ हा न्यायाचा दिवस ठरवला. लोकांनी आयुष्याची पुंजी जाहिरातींवर घातली. तो दिवस आला आणि गेला. मात्र पुढच्या वर्षी कॅम्पिंग यांनी जाहीर पत्रात ही चूक, हे पाप होते असे मान्य केले. एवढे तरी तुमच्यापैकी कोणी केले आहे? ‘तीन महिन्यांत गर्भ राहील’, ‘या वर्षी कर्ज फिटेल’ अशी नावानिशी सांगितलेली आणि खोटी ठरलेली किती वचने तुम्ही परत घेतली? यिर्मयाच्या २८ व्या अध्यायात हनन्या आहे. मंदिरात, याजकांसमोर, सगळ्या लोकांदेखत त्याने गोड बातमी सांगितली की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल. यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू त्याने ओढून मोडूनही दाखवले. लोकांना हनन्याच आवडला असणार. तो पाचवा महिना होता. देवाने ज्याला पाठवले नव्हते तो हनन्या सातव्या महिन्यात मेला.

केनियातल्या शाकाहोला जंगलातून २०२३ सालापासून चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढले गेले, त्यांत पुष्कळ मुले होती. प्रभूला भेटायचे असेल तर उपाशी मरा असे शिकवल्याचा आरोप पॉल मॅकेंझी या उपदेशकावर ठेवून खटला भरला गेला. त्याने आरोप नाकारले. ते जंगल लांब आहे असे समजू नका. शिक्षकाला प्रश्न विचारायचा नाही, असे जिथे ठरते तिथून त्या जंगलाची वाट सुरू होते.

तुमची दोन उत्तरे आम्हाला माहीत आहेत. पहिले, ‘देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका.’ दावीदाने शौलाला मारले नाही हे खरे. पण तो गप्पही बसला नाही. गुहेतून बाहेर येऊन, कापलेला झग्याचा काठ हातात धरून, शौलाच्या तीन हजार माणसांना ऐकू जाईल असा त्याने जाब विचारला. पुढे तोच दावीद राजा होऊन चुकला तेव्हा नाथानाने त्याला तोंडावर सांगितले. अंत्युखियात पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर दोष दिला, आणि पेत्र तुमच्यापेक्षा लहान प्रेषित नव्हता. बिरुयाच्या लोकांनी पौलाचे बोलणेसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहिले आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणीच झाली. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी वेचली, ती साध्या बायांना ते स्वतः वाचता यावे म्हणून. त्या बायांच्या नातींना तुम्ही आज ‘वाद घालू नका, आमेन म्हणा’ असे सांगता.

दुसरे उत्तर अधिक चालते, म्हणून त्याला सावकाश उत्तर देतो. ‘आपण थोडे लोक आहोत, आधीच आपल्यावर संशय आहे, घरातली गोष्ट बाहेर गेली तर साऱ्या मंडळीची बदनामी होईल.’ ही भीती खोटी नाही. सभा उधळल्या जातात, पाळकांवर खोट्या तक्रारी होतात, हे आम्ही पाहतो आणि अशा पाळकांसाठी आम्ही जामीन राहतो. पण तुम्ही आमची ही भीतीच आपल्या बचावासाठी वापरता. प्रामाणिक पाळक, जो रोग्याला आपल्या मोटारसायकलवर बसवून सिव्हिलला नेतो, त्याच्यावर येणारा संशय तुमच्या सभांमुळे वाढतो. आमच्या गप्प राहण्याने मंडळी वाचली नाही. फक्त तुम्ही वाचलात. बरा न झालेल्या माणसाला पुढे काय सहन करावे लागते ते आठवा. आधी दुखणे, मग ‘तुझ्या घरात लपलेले पाप आहे’ हा शब्द, मग प्रार्थनेच्या गटातून हळूहळू वगळणे. ईयोबाच्या मित्रांनी हेच केले, आणि शेवटी देवाचा राग ईयोबावर नव्हे, त्या तिघांवर भडकला. जन्मांध माणसाबद्दल कोणी पाप केले असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला.

तर मुदतीत करायचे ते असे. ज्या पीठावरून औषध बंद करायला सांगितले, त्याच पीठावरून, तितक्याच मोठ्या आवाजात, ती शिकवण चुकीची होती असे सांगा. ‘माझ्या बोलण्याचा गैरसमज झाला’ हे चालणार नाही, गैरसमज झालेला नाही. ज्यांना तुम्ही नावानिशी गोळ्या सोडायला लावल्या, त्यांच्या घरी स्वतः जा, माफी मागा आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा. जे व्हिडिओ आणि पत्रके तपासणीशिवाय ‘बरे झाले’ म्हणून फिरत आहेत ते काढून टाका. बरे होण्याच्या वचनावर घेतलेले पैसे परत करा. नाव माहीत नसेल तर तेवढी रक्कम मंडळीसमोर हिशेब देऊन गरीब रोग्यांच्या औषधपाण्याला द्या. आणि मंडळीच्या जमाखर्चाचा लेखी हिशेब वडीलमंडळीपुढे ठेवा. अपुल्लो मोठा वक्ता होता, शास्त्रात निपुण होता, तरी प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याने त्याला घरी नेऊन चूक दुरुस्त केली आणि त्याने ती करून घेतली. तुमच्यासाठी ती दारे आजही उघडी आहेत. जो येईल त्याच्याशी आम्ही पुन्हा प्रभुभोजनाला बसू.

जो येणार नाही त्याने पुढचे नीट वाचावे. पौलाने तीमथ्याला वडिलावरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून घेऊ नको असे सांगितले, आणि पाप करत राहणाऱ्याला सगळ्यांसमोर दोष दे असेही सांगितले. साक्षी लिहून घेतल्या जात आहेत, तारीख-वार आणि सहीनिशी. पेन्टेकॉस्टच्या दुसऱ्या दिवशी त्या तुमच्या वडीलमंडळींकडे, आणि ज्या मंडळ्या तुम्हाला पाहुणा उपदेशक म्हणून बोलावतात त्यांच्याकडे जातील. आमची उपदेशपीठे तुम्हाला बंद होतील. अर्पण थांबेल. तुमच्या सभेच्या मांडवाला, ध्वनिक्षेपकाला, बसगाड्यांना आमच्या घरांतून एक रुपया येणार नाही.

त्याही पुढे कायदा आहे, आणि आम्ही त्याचे दार ठोठावू. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा प्रार्थनेला हात लावत नाही. पण साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखणे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हे त्यात गुन्हे आहेत. दुष्टात्मा काढतो म्हणून मुलीचे केस धरून ओढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. मधुमेह, कर्करोग, फेफरे अशा आजारांवर चमत्कारी उपायांची जाहिरात करण्याविरुद्ध १९५४ पासून केंद्राचा कायदा आहे. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाविरुद्ध पोलिसांत जावे का, असे विचारले जाईल. यहेज्केलाच्या ३३ व्या अध्यायातल्या पहारेकऱ्याने तलवार येताना पाहून कर्णा वाजवला नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब त्याच्याकडे मागितला जातो. जे मूल वाचवता आले असते त्याच्या रक्ताचा जाब आम्हाला द्यायचा नाही.

ही मुदत शिक्षकांना आहे, रोग्यांना नाही. घरात कोणी सभेतून आल्यावर इन्सुलिन बंद केले असेल तर उद्याची वाट पाहू नका, आज रात्रीच रुग्णालयात न्या, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. फेफऱ्याची गोळी सुटली असेल तरी थांबू नका, ज्याने ती सुरू केली त्या डॉक्टरला आजच गाठा. क्षयाच्या गोळ्या सुटल्या असतील तर मनाने पुन्हा सुरू करू नका. जिथून त्या मिळत होत्या त्या सरकारी दवाखान्यात जा आणि किती दिवस खंड पडला ते खरे सांगा, कोणी रागावले तरी सांगा. औषधे तिथे फुकट मिळतात. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर तुमच्या मंडळीतल्या, याबद्दल तुमच्याशी आधीच हळू आवाजात बोललेल्या त्या एका माणसाला सोबत घ्या. तो येईल.